राजगडाहून रायगडाला: एका बिऱ्हाडाची गोष्ट

मागच्या व्याख्यानात आपण पुरंदरच्या तहापाशी थांबलो होतो. जून 1665. 23 किल्ले मोगलांकडे गेले, 12 महाराजांकडे राहिले. त्या 12 मध्ये राजगड होता, तोरणा होता आणि रायगडही होता. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आज लढाई नाही. आज मला घर बदलण्याविषयी बोलायचं आहे. वीस-पंचवीस वर्षं मुरलेलं बिऱ्हाड उचलायचं आणि घाटाखाली, कोकणच्या अंगाला असलेल्या एका डोंगरावर नवं गाव वसवून तिथं राहायला जायचं, हा निर्णय. आपण शाळेत एका ओळीत वाचतो की महाराजांनी राजधानी राजगडावरून रायगडावर नेली. वाक्य संपलं, पुढे राज्याभिषेक सुरू. पण तुमच्यापैकी ज्यांनी साधं एका पेठेतून दुसऱ्या पेठेत घर हलवलंय त्यांना ठाऊक आहे, हे एका ओळीत होत नाही.

आधी राजगड सोडणं म्हणजे काय सोडणं होतं ते बघू. सईबाई तिथं गेल्या, सप्टेंबर 1659 मध्ये. आग्र्याहून सुटून महाराज परतले ते राजगडावरच. राजाराम महाराजांचा जन्म तिथला, 24 फेब्रुवारी 1670 चा. मुक्काम हलवण्याचा निर्णय आणि घरात तान्हं मूल, या दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळच्या आहेत. 1670 नंतरच्या एक-दोन वर्षांत कारभार रायगडावर स्थिरावला. नेमका दिवस धरून सांगावा अशी ही गोष्ट नव्हेच. कचेरी आधी जाते, माणसं मागून जातात, काही सामान जुन्या घरातच राहतं.

मग सोडला का? ज्यांनी राजगड पाहिलाय त्यांना अर्धं उत्तर पायांनीच दिलेलं असतं. पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तिन्ही माच्या डोंगराच्या सोंडांवर पसरलेल्या, लांबच लांब आणि अरुंद. मधे उभा बालेकिल्ला, त्याचा माथा लहान. लढायला उत्तम. पण दफ्तर, खजिना, अठरा कारखाने, वकील-पाहुणे, त्यांचे नोकर, हे सगळं एकत्र मावेल असं सपाट रान तिथं नाही. आणि दुसरं कारण शेजाराचं. राजगडावरून सिंहगड दिसतो, पुरंदर दिसतो. तहात हे दोन्ही मोगलांकडे गेले. म्हणजे अंगणात उभं राहिलं की समोर शत्रूचं ठाणं. 1665 मध्ये मिर्झाराजांच्या फौजांनी राजगडाच्या आसपासची गावं जाळली होतीच. 1670 मध्ये सिंहगड आणि पुरंदर परत आले हे खरं, पण घराभोवतीचं कुंपण एकदा मोडलेलं पाहिलं की माणूस दुसरी जागा बघायला लागतो.

आता एक गंमत सांगतो. आपल्या डोक्यात असं असतं की महाराज आणखी उंच जागी गेले. प्रत्यक्षात राजगड समुद्रसपाटीपासून 1,300 मीटरच्या वर, आणि रायगड 800 मीटरच्या जरा वर. म्हणजे ते खाली आले! रायगडाची मातब्बरी उंचीत नाही, ती कड्यात आहे. चहूबाजूंनी तासल्यासारखा कडा आणि वर मात्र ऐसपैस माथा. शिवाय खाली आल्यामुळे कोकण जवळ आलं. महाडपर्यंत सावित्रीच्या खाडीनं गलबतं येत. मीठ, बंदरं, नवं आरमार, जंजिऱ्याचा सिद्दी, 1668 पासून मुंबईत बसलेली इंग्रजांची कंपनी, हे सगळे प्रश्न आता समुद्राकडचे होते, आणि देशावर जायला घाटवाटा होत्याच. माझ्या मते हे कारण कड्याइतकंच मोठं आहे, पण व्याख्यानात कडा जास्त रंगतो म्हणून सगळे कड्यावरच बोलतात. मीही बोलतो.

कड्याची ती स्तुती मुळात सभासद बखरीतली. महाराजांनी गड पाहिला, दौलताबादेशी तुलना केली, हा त्याहून किती तरी उंच, तख्ताला हीच जागा करावी असं ठरवलं, असं कृष्णाजी अनंत सभासद सांगतात. सगळे हे सांगतात. पण ते कुठं बसून लिहिलं गेलं हे सहसा कुणी सांगत नाही. बखर लिहिली गेली 1697 च्या सुमारास, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून, जिंजीला. तेव्हा रायगड मोगलांच्या हाती जाऊन आठ वर्षं झाली होती आणि जिंजीभोवतीही वेढा होता. हातातून गेलेल्या घराविषयी माणूस कसा बोलतो, ते मनात ठेवून ती वाक्यं वाचा. वेगळी ऐकू येतात.

बरं, वर राहणं म्हणजे रोजचं काय होतं? इथं एक परका माणूस मदतीला येतो. हेन्री ऑक्झिंडेन, कंपनीचा वकील, राज्याभिषेकासाठी 1674 च्या मे महिन्यात आला. महाराज प्रतापगडच्या भवानीला गेले होते, म्हणून त्याला आधी खाली पाचाडला थांबावं लागलं, मग वर बोलावणं आलं. त्यानं जे टिपून ठेवलंय ते घर बघायला आलेल्या चिकित्सक माणसासारखं आहे. लांबी सुमारे अडीच मैल, रुंदी अर्धा मैल. राजवाडा आणि मंत्र्यांची वगैरे मिळून सुमारे 300 घरं. वर यायला वाट एकच. फितुरीशिवाय हा घेता येणार नाही. आणि मग एक वाक्य, जे आपण भाषणात गाळतो: वर चांगली झाडं नाहीत आणि कसलंही धान्य पिकत नाही.

300 घरं आणि एक दाणा पिकत नाही. म्हणजे तांदूळ, डाळ, तेल, मीठ, सरपण, गुरांची वैरण, सगळं माणसाच्या डोक्यावरून किंवा जनावराच्या पाठीवरून वर. आजच्या वाटेनं चौदाशेच्या वर पायऱ्या आहेत. आपण पाण्याची बाटली घेऊन चढतो आणि दोनदा बसतो. राजवाड्यापाशी हत्ती उभे पाहून हे इथवर आणले कसे, असा प्रश्न ऑक्झिंडेनलाही पडला होता.

याच मुक्कामातला एक प्रसंग मला फार आवडतो. इंग्रजांना रोज मांस लागे, त्यांना बकऱ्याचं मांस पुरवलं जाई. ते पुरवणारा म्हातारा खाटीक मुद्दाम गड चढून या मंडळींना पाहायला आला. एवढ्या वर्षांत विकलं नव्हतं तेवढं या थोड्या दिवसांत खपवणारे हे लोक दिसतात तरी कसे! (हशा) हसण्यासारखं आहेच, पण बघा, खाटीक खाली राहतो. तीच गोष्ट हिरकणीची. ती घटना म्हणून घेऊ नका, कथा म्हणून घ्या. पण कथेला तिचं गाव असतं. दूध विकायला बाई खालून रोज वर येते आणि सूर्यास्ताला दरवाजे बंद होतात, एवढं तरी ऐकणाऱ्यांना साहजिक वाटत असणार. त्याशिवाय ती कथा रचताच येत नाही. गडाची चूल खालच्या गावांवर पेटत होती.

पाणी मात्र वरच साठवायचं होतं. महाडकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, चार महिने तीन हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळतो आणि मग थांबतो. उतारावरून वाहून गेला की संपला. जगदीश्वराच्या देवळाजवळचा हिरोजी इंदुलकरांचा शिलालेख पाहिलाय ना? शके 1596 चा. बहुतेक जण पायरीवर कोरलेलं हिरोजींचं नाव वाचून पुढे जातात, ते वाचण्यासारखं आहेच. पण मोठ्या लेखात बांधकामांची यादी आहे, ती सुरू होते वापी, कूप, तडाग अशी. विहिरी आणि तलाव आधी, राजवाडे मागून. बांधणाऱ्याला ठाऊक होतं की या गावात आधी काय लागणार. गंगासागर, कुशावर्त, हत्ती तलाव ही त्यातलीच नावं. बाजारपेठेचंही तसंच. समोरासमोर दोन रांगा, एकेका रांगेत 22 गाळे, जोती चांगली उंच. घोड्यावर बसून खरेदी करता यावी म्हणून ती उंच आहेत असं गाइड सांगतात. मला नाही पटत. त्या पावसात तांदळाची पोती ओली होऊ नयेत, हे कारण मला पुरेसं वाटतं.

आता या घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाकडे येतो. जिजाऊ आऊसाहेब. वय सत्तरीच्या पुढे. गडावरचा गार वारा त्यांना सोसेना, म्हणून महाराजांनी पायथ्याशी पाचाडला त्यांच्यासाठी वाडा बांधला. आजही तिथं जोती आहेत, विहिरी आहेत. एका विहिरीच्या काठाला दगडी तक्क्याची बैठक आहे. लोक रायगडाच्या गर्दीत पाचाडला पाच मिनिटं थांबतात आणि समाधीला हात जोडून निघतात. मी म्हणतो, त्या वाड्यात उभं राहून एकदा वर बघा. ज्या घरासाठी एवढा खटाटोप केला, त्या घरात आईला राहता येत नाही, हे मुलाला कळलं आणि त्यानं ते मान्य केलं. आईला वर राहण्याचा आग्रह झाला नाही आणि आईसाठी राजधानीही खाली आली नाही. मधे एक पूर्ण चढण राहिली. 6 जून 1674 ला राज्याभिषेक झाला, तो पाहायला आऊसाहेब वर होत्या. 17 जूनला त्या पाचाडला गेल्या. तोंडावर पावसाळा होता.

त्या कड्याचं पुढे काय झालं तेही याच हिशोबात धरलं पाहिजे. मार्च 1689 मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली आणि मोगल फौज रायगडाखाली आली. वर येसूबाई, राजाराम महाराज आणि सात वर्षांचा शाहू. सगळं राजघराणं एका डोंगरावर, आणि वाट एकच! जी वाट शत्रूला अवघड, ती घरच्यांनाही अवघड. येसूबाईंनी राजाराम महाराजांना बाहेर काढलं, स्वतः मुलाला घेऊन गडावर थांबल्या. त्या वेळी घरात आणखी एक घर सोडण्याचा निर्णय झाला, आणि तो घेणारी बाई स्वतः मात्र मागे राहिली. नोव्हेंबरात गड गेला. सूर्याजी पिसाळाच्या फितुरीची कथा सर्वांना माहीत आहे, तिच्यात मी आज शिरत नाही. येसूबाई सुटून परत आल्या त्या 1719 मध्ये. तीस वर्षांनी.

शाहू आधी सुटले, 1707 मध्ये. 1708 च्या जानेवारीत साताऱ्याला अजिंक्यताऱ्यावर त्यांचा राज्याभिषेक झाला. तोही डोंगरी किल्लाच, आणि वर राजधानी मांडणं शक्य होतं. 1730 च्या दशकात रायगडही मराठ्यांकडे परत आला, मनात असतं तर तिकडे जाता आलं असतं. शाहू गेले नाहीत. अजिंक्यताऱ्यावरही राहिले नाहीत. पायथ्याशी त्यांनी शाहूनगर वसवलं, पेठा वसवल्या, वाडे बांधले, म्हणजे आजचं सातारा शहर. बालपणी वेढ्यात सापडलेल्या माणसानं हे का केलं असेल, ते कागदात लिहिलेलं नाही. मी फक्त एवढंच बघतो की पणजीनं पाचाडला जसं घर घेतलं तसंच पणतूनं साताऱ्याला घेतलं, डोंगराखाली.

वेळ झालीय. पुढच्या वेळी साताऱ्याच्या पेठांवर बोलू. काही विचारायचं असेल तर आता विचारा.