धरणापूर्वीचे आंबेगाव, आकाशातून

आंबेगाव तालुक्याचे मुख्य ठिकाण घोडेगाव आहे. मग तालुक्याला आंबेगाव हे नाव का, असे एखाद्या चौकस विद्यार्थ्याने भूगोलाच्या तासाला विचारले, तर उत्तर डिंभे धरणाच्या पाण्याखाली शोधावे लागते. घोड नदीकाठचे जुने आंबेगाव या जलाशयात बुडाले. डिंभे हे कुकडी प्रकल्पातील पाच धरणांपैकी एक. उरलेली चार शेजारच्या जुन्नर तालुक्यात आहेत : कुकडी नदीवर माणिकडोह व येडगाव, मीना नदीवर वडज आणि आर नदीवर पिंपळगाव जोगे. या धरणांनी कोरडवाहू शिवारांना पाणी दिले, त्याचबरोबर नदीकाठची जमीन पोटात घेतली. तेथील आळ्या, विहिरी, भातखाचरे व पायवाटा कशा होत्या?

स्थलदर्शक नकाशात याचे थोडे उत्तर मिळते. जुन्नर व घोडेगावचा परिसर ४७ ई/१६ या पत्रकात येतो. परंतु नकाशा म्हणजे निवड असते. काय दाखवायचे व काय गाळायचे हे नकाशा करणारा ठरवतो. हवाई छायाचित्र मात्र कॅमेऱ्यासमोर येईल ते सगळे टिपते. त्या वेळी कोणाला महत्त्वाची न वाटलेली गोष्टही पुढे त्यात सापडू शकते.

अशी एक मोठी ठेव अनपेक्षित ठिकाणाहून आली. १९६० ते १९७२ या काळात अमेरिकेने ‘कोरोना’ नावाचे हेरगिरी उपग्रह सोडले. तेव्हा अवकाशातून चित्रे बिनतारी पाठविण्याचे तंत्र पुरेसे विकसित नव्हते. त्यामुळे उपग्रह फिल्मवरच छायाचित्रे घेई. ती फिल्म एका कुपीतून खाली सोडली जाई आणि हवाईछत्रीने उतरणारी कुपी पॅसिफिक महासागरावर विमान हवेतच पकडत असे. १९६७ नंतरच्या कॅमेऱ्यांच्या चित्रांत सुमारे दोन मीटर आकाराची वस्तू ओळखता येते. माणूस दिसत नाही, पण घरांचा पुंजका, बांध, झाडी व गाडीवाट दिसते.

२२ फेब्रुवारी १९९५ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ही आठ लाख साठ हजारांहून अधिक छायाचित्रे गुप्ततेतून मुक्त झाली. त्यानंतरची व्यवस्था आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. मूळ फिल्म राष्ट्रीय अभिलेखागाराकडे गेली आणि तिची एक प्रत भूगर्भ सर्वेक्षण संस्थेकडे. एकाने मूळ वस्तू जपायची, दुसऱ्याने सूची करून ती लोकांपर्यंत पोचवायची, अशी ही वाटणी. सर्वेक्षण संस्थेने प्रत्येक चित्राला अक्षांश-रेखांश जोडून शोधसूची केली. एखादे चित्र अंकीय स्वरूपात नसेल, तर पहिल्या मागणीदाराने त्याचा खर्च द्यायचा. एकदा अंकीय प्रत तयार झाली, की ती पुढे सर्वांना मोफत. संपूर्ण साठ्याचा खर्च एकदम उचलावा न लागता साठा हळूहळू खुला होत जातो.

अंकीकरण म्हणजे केवळ यंत्रातून फिल्म फिरविणे नव्हे. कोरोनाचे चित्र लांबट पट्टीसारखे असते आणि त्याच्या टोकांकडे जमीन वेडीवाकडी ताणलेली दिसते. ते नकाशावर बसवायचे तर दोन्हींत ओळखू येणारे व न हललेले बिंदू लागतात. नदीचा काठ त्यासाठी चालत नाही, कारण तोच बदललेला असतो. जुन्नर परिसरात शिवनेरी, हडसर, चावंड यांचे बेसाल्टचे कडे आणि नाणेघाटाची धार यासाठी उत्तम. साठ वर्षांत कड्याची कड फारशी सरकत नाही.

ही चित्रे हवीत कशाला? ३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि सुमारे दीडशे माणसे गेली. नंतर कारणांची चर्चा झाली. कोणी अतिवृष्टीकडे बोट दाखवले, कोणी उतारावरील झाडतोडीकडे, तर कोणी पडकईकडे, म्हणजे भातासाठी उतार तोडून केलेल्या खाचरांकडे. कोणत्या उतारावर झाडी केव्हा होती आणि खाचरे केव्हा आली, हे आठवणींवर सोडले तर वाद मिटत नाही. वेगवेगळ्या वर्षांची चित्रे शेजारी ठेवली, तर निदान क्रम कळतो. मातीच्या थराची जाडी किंवा त्यात मुरलेले पाणी छायाचित्रात दिसत नाही, ही मर्यादाही विद्यार्थ्यांना सांगायला हवी.

कोरोना मोहीम १९७२ मध्ये थांबली आणि त्याच वर्षी २३ जुलैला पहिला लँडसॅट उपग्रह गेला. त्याची चित्रे बरीच ढोबळ, पण २००८ पासून मोफत. जलाशय एकामागून एक कसे भरले, हे त्या मालिकेत पाहता येते. भारतातही १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नकाशे व भूस्थानिक माहितीवरील अनेक बंधने सैल केली. आपल्याकडच्या जुन्या हवाई फिल्मही अभिलेखागारे, ग्रंथालये व विद्यापीठे यांच्या अशाच भागीदारीतून शाळांपर्यंत याव्यात.

तोवर एक उपक्रम करता येईल. सर्वेक्षण संस्थेच्या संकेतस्थळावर जुन्नर (१९°१२′ उत्तर, ७३°५३′ पूर्व) किंवा माळीण (१९°१०′ उत्तर, ७३°४१′ पूर्व) शोधावे. पावसाळ्यात ढग आड येतात, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारीतील चित्र निवडावे. मोठा छाप काढून तो धरणग्रस्त गावांतील वयस्कर माणसांसमोर ठेवावा. हा ठिपका कोणाची विहीर, ही वाट कुठल्या बाजाराची, हे त्यांना विचारून विद्यार्थ्यांनी छापावर लिहावे. अभिलेखागार फिल्म जपते, ग्रंथालय ती शोधून देते, पण तिच्यावरची नावे गावालाच ठाऊक असतात. ती सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत, म्हणून हे काम फिल्मच्या अंकीकरणाइतकेच तातडीचे आहे.