खवीस

धिप्पाड, उग्र माणसाला आपण सहज ‘खवीस’ म्हणतो. शब्द अरबी ‘खबीस’वरून आला. तिथे हे भुताचं नाव नाही, साधं विशेषण आहे: घाणेरडा, दुष्ट. मात्र शौचालयात शिरण्याआधीच्या दुआमध्ये त्याच धातूचे ‘खुबुस’ आणि ‘खबाइस’ येतात. भाष्यकार त्यांचा अर्थ नर आणि मादी सैतान असा लावतात. मराठीत ‘ब’चा ‘व’ झाला, विशेषणाला देह फुटला आणि लोकसमजुतीत खवीस मुसलमानाचं भूत ठरला. मला हे अन्यायाचं वाटतं. अंबरनाथ तालुक्यातल्या मलंगगडाची दंतकथा नेमकी उलट आहे. राक्षसांनी गांजलेल्या रयतेला अरबस्तानातून आलेल्या हाजी मलंगबाबांनी सोडवलं, असं भाविक सांगतात. तीच जागा मच्छिंद्रनाथांची समाधी मानणारेही माघी पौर्णिमेला गड चढतात.