नव्या सागरी मत्स्यालयात ‘प्रोटीन स्किमर’ बसवताना

गुऱ्हाळात उसाचा रस काहिलीत तापू लागला, की त्याच्या पृष्ठभागावर मळकट फेस जमू लागतो. ही मळी वेळच्या वेळी काढली, तरच गूळ स्वच्छ उतरतो. खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात ‘प्रोटीन स्किमर’ हे उपकरण साधारण हेच काम करते. फरक इतकाच, की येथे उष्णतेऐवजी हवेच्या सूक्ष्म बुडबुड्यांच्या साहाय्याने मळ वर आणला जातो आणि तो एका पात्रात आपोआप साठतो.

२००३ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘फाइंडिंग नीमो’ या चित्रपटामुळे नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउनफिश घराघरांत ओळखीचा झाला. मात्र समुद्रातील मासा घरात आणणे आणि तो जगवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समुद्रात माशांची विष्ठा व उरलेले अन्न अथांग पाण्यात विरून जाते. दोनशे लिटरच्या काचपेटीत ते तेथेच कुजते. या कुजण्यातून तयार होणारा अमोनिया माशांना अल्प प्रमाणातही घातक ठरतो. बाजारात मिळणारे बहुतेक सागरी शोभिवंत मासे आजही प्रवाळक्षेत्रांतून पकडूनच आणले जातात. त्यामुळे घाईने मांडलेल्या मत्स्यालयात दगावणारा प्रत्येक मासा हे समुद्राचेही नुकसान असते. स्किमर हा यावरचा एक महत्त्वाचा उपाय आहे. परंतु तो योग्य रीतीने बसवला आणि त्याच्या मर्यादा ओळखल्या, तरच त्याचा उपयोग होतो.

कार्याचे तत्त्व

माशांचा स्राव, विष्ठा आणि अन्नकण यांतून पाण्यात मिसळणाऱ्या अनेक सेंद्रिय रेणूंचे एक टोक पाण्याकडे आकर्षिले जाते, तर दुसरे पाण्यापासून दूर राहू पाहते. असे रेणू पाणी आणि हवा यांच्या सीमेवर गोळा होतात. पाण्यात असंख्य बारीक बुडबुडे सोडले, की ही सीमा कित्येक पटींनी वाढते. बुडबुड्यांना चिकटलेले रेणू त्यांच्याबरोबर वर चढतात, उपकरणाच्या निमुळत्या मानेत दाट फेस तयार होतो आणि तो वरच्या पात्रात सांडतो. पात्रात साठणारे तपकिरी, कुजकट वासाचे द्रव म्हणजे अन्यथा मत्स्यालयातच कुजला असता असा मळ होय.

हे तत्त्व गोड्या पाण्यात फारसे लागू पडत नाही. समुद्राच्या पाण्यातील क्षारांमुळे बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होत नाहीत; ते बारीक राहतात. गोड्या पाण्यात ते चटकन एकत्र येऊन फुटतात. म्हणूनच स्किमर हे प्रामुख्याने सागरी मत्स्यालयाचे उपकरण ठरले. १९६०च्या दशकात जर्मनीत एर्विन सँडर यांनी हे तंत्र मत्स्यालयासाठी रुजवले. पुढे ‘बर्लिन पद्धत’ या नावाने ओळखल्या गेलेल्या पद्धतीत जिवाणूंनी युक्त सच्छिद्र दगड आणि समर्थ स्किमर हे दोन मुख्य आधार मानले गेले.

निवड कशी करावी?

जुन्या बनावटीच्या स्किमरमध्ये हवेचा पंप आणि लाकडी वायुखडा वापरून बुडबुडे तयार करीत. ‘व्हेंच्युरी’ प्रकारात पाण्याच्या वेगाने हवा आत ओढली जाते. आज सर्वाधिक प्रचलित असलेल्या ‘नीडल-व्हील’ प्रकारात पंपाच्या चाकावरील बारीक काट्यांमुळे हवेचे तुकडे होऊन अतिसूक्ष्म बुडबुडे बनतात. मुख्य टाकीखाली कपाटात दुसरी टाकी, म्हणजे ‘सम्प’, ठेवली असेल तर स्किमर त्यात बसतो. ती सोय नसल्यास टाकीच्या मागील काचेवर अडकवण्याचे लहान स्किमर मिळतात.

निवडीपूर्वी पाण्याचे खरे घनफळ काढावे. ९० सेंटिमीटर लांब आणि ४५ सेंटिमीटर रुंद टाकीत ४५ सेंटिमीटर उंचीपर्यंत पाणी भरल्यास ते सुमारे १८२ लिटर होते. सम्पमधील ४० लिटर त्यात मिळवून दगड आणि वाळूने व्यापलेली जागा वजा केली, तर साधारण २०० लिटर उरतात. उत्पादकाने दर्शवलेली क्षमता याहून काहीशी अधिक असावी. मात्र फार मोठा स्किमरही उपयोगाचा नाही. नव्या टाकीत मळ कमी असतो आणि रुंद मानेत स्थिर फेस धरण्यास तो पुरत नाही.

पाण्याची पातळी : सर्वांत कळीचा मुद्दा

बसवण्यापूर्वी उपकरण सुटे करून व्हिनेगर मिसळलेल्या पाण्याने धुवावे. साबण किंवा भांडी घासण्याचे द्रावण कटाक्षाने टाळावे, कारण त्याचा अंशही फेस बिघडवतो आणि जिवांना अपायकारक ठरतो.

सम्पमध्ये वरून येणारे पाणी प्रथम ज्या कप्प्यात पडते, तो किंवा त्यालगतचा कप्पा स्किमरसाठी योग्य होय. त्या कप्प्यातील पातळी आडव्या काचेच्या पट्टीने कायम राखलेली असावी. पाणी परत वर पाठवणारा पंप ज्या कप्प्यात असतो, तेथे बाष्पीभवनामुळे पातळी रोज खाली जाते. तेथे ठेवलेला स्किमर कधीच स्थिर चालत नाही. बाहेरची पातळी वाढली की स्किमरमधील पाणी चढते आणि पात्रात पाणचट फेस सांडतो. ती घटली की फेस मानेपर्यंत पोहोचतच नाही. नवशिक्यांना उपकरणातील दोष वाटणाऱ्या बहुतेक तक्रारींचे मूळ येथेच असते.

उत्पादक आवश्यक पातळी पुस्तिकेत देतात. सम्पमधील अनेक स्किमरसाठी ती १८ ते २५ सेंटिमीटरच्या दरम्यान असते. कप्प्यातील पाणी त्याहून खोल असल्यास अ‍ॅक्रिलिकचा किंवा प्लास्टिक जाळीचा मजबूत पाट ठेवून त्यावर स्किमर उभा करावा. हवेच्या नळीचे तोंड नेहमी पाण्याच्या पातळीच्या वर असावे. बाष्पीभवनाने घटणारे पाणी भरून काढण्यासाठी केवळ शुद्ध गोडे पाणी घालावे. क्षार उडून जात नाहीत, ते टाकीतच राहतात.

पहिले पंधरा दिवस

सुरुवातीला स्किमरच्या निर्गमाची झडप पूर्ण उघडी ठेवावी, म्हणजे आतील पातळी सर्वांत खाली राहते. त्यानंतर दिवसाआड ती थोडी थोडी बंद करीत फेस मानेच्या बुडाशी स्थिर आणावा. प्रत्येक बदलानंतर किमान एक दिवस थांबावे; तासातासाला झडप फिरवल्याने कोणत्या बदलाचा काय परिणाम झाला, हे कळेनासे होते.

नव्या प्लास्टिकवर कारखान्यातील तेलकट थर असतो. तो जाऊन आतील पृष्ठभागावर जैविक पापुद्रा धरेपर्यंत काही दिवस ते दोन आठवडे स्किमरचे वर्तन लहरी असते. कधी तो अजिबात फेस धरत नाही, तर कधी पात्र तासाभरात भरून वाहते. टाकीत बारीक बुडबुडे शिरून पाणी दुधाळ दिसू शकते. बहुधा हे सारे आपोआप थांबते.

शिवाय नव्या टाकीत मासेच नसल्यास काढण्याजोगा मळही नसतो. रिकामे पात्र म्हणजे बिघडलेला स्किमर नव्हे. पात्र भरावे म्हणून पातळी वाढवणे ही या टप्प्यावरील नेहमीची चूक आहे. त्यामुळे पात्रात मळ नव्हे, तर निव्वळ खारे पाणी साठते. त्याची जागा गोड्या पाण्याने भरली गेली, की टाकीची क्षारता हळूहळू उतरते. सागरी मत्स्यालयात ती दर लिटरला ३५ ग्रॅमच्या, म्हणजे सुमारे १.०२५ विशिष्ट गुरुत्वाच्या, आसपास राखावी लागते.

फेस उसळतो आणि बसतो, तो का?

व्यवस्थित चालणारा स्किमरही एखाद्या दिवशी अचानक उसळतो. नुकताच वापरलेला इपॉक्सी वा सिलिकॉन, नळाचे पाणी क्लोरीनमुक्त करणारी काही द्रावणे, औषधे किंवा नव्याने मिसळलेले मीठ ही त्याची सर्वसाधारण कारणे होत. अशा वेळी झडप उघडून आतील पातळी उतरवावी आणि काही पाणी बदलावे. उलटपक्षी तेलकट खाद्य घातल्यावर किंवा क्रीम लावलेला हात पाण्यात गेल्यावर फेस काही तास बसतो. त्या वेळी झडपेला हात न लावणेच श्रेयस्कर.

वीज गेली तर?

वीज खंडित होताच मुख्य टाकीतील पाणी निकासाच्या काठापर्यंत उतरून सम्पमध्ये येते. वर दिलेल्या मापाच्या टाकीत पातळी केवळ २ सेंटिमीटर उतरली, तरी ८ लिटरहून अधिक पाणी खाली येते. ६० बाय ३० सेंटिमीटरच्या सम्पमध्ये त्यामुळे पातळी सरासरी साडेचार सेंटिमीटर चढते. वीज परत येताच स्किमर या वाढलेल्या पातळीत सुरू होतो आणि पात्र ओसंडून जमिनीवर घाण पाणी पसरते. यासाठी सम्पमध्ये तेवढी जागा रिकामी ठेवावी आणि पात्राची निचरा नळी एखाद्या बंद बरणीत सोडावी. मुख्य पंप सुरू झाल्यानंतर काही मिनिटांनी स्किमर सुरू होईल अशी व्यवस्था अधिक चांगली.

वीज दीर्घकाळ नसल्यास माशांना सर्वप्रथम प्राणवायूची गरज असते. त्यामुळे इन्व्हर्टरवर पाणी खेळवणारा पंप आधी जोडावा. बॅटरीवर चालणारा हवेचा पंपही जवळ असावा. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक असल्याने अर्थिंग आणि गळती ओळखून वीज तोडणारे आरसीसीबी अत्यावश्यक आहे. प्रत्येक तार प्लगपाशी पोहोचण्यापूर्वी खाली झोल घेईल अशी ठेवावी, म्हणजे तारेवरून ओघळणारे थेंब प्लगमध्ये शिरत नाहीत.

देखभाल आणि बंद खोलीतील हवा

मानेच्या आतील बाजूस चिकट थर बसला, की फेस वर चढत नाही. म्हणून पात्र आणि मान दर दोन-तीन दिवसांनी पुसून धुवावी. हवेच्या नळीत मिठाचे खडे साचून बुडबुडे कमी होतात. नळीतून अधूनमधून कोमट गोडे पाणी सोडल्यास ते विरघळतात. पंप दोन-तीन महिन्यांनी काढून व्हिनेगरच्या पाण्यात ठेवावा, म्हणजे त्यावरील चुन्याचा थर निघतो.

स्किमर पाण्याशी भरपूर हवा मिसळत असल्याने खोलीतील हवेचा परिणामही पाण्यावर होतो. वातानुकूलनासाठी दारे-खिडक्या बंद असलेल्या सदनिकेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण वाढते आणि पाण्याचा पीएच उतरतो. हवेची नळी खिडकीबाहेर नेल्यास यात सुधारणा होते. मात्र बाहेर कीटकनाशकाची फवारणी वा धूरफवारणी होत असेल, तेव्हा ती आत घ्यावी.

स्किमर काय करीत नाही

विरघळलेला अमोनिया, नायट्राइट वा नायट्रेट स्किमर थेट काढू शकत नाही. अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू दगड-वाळूवर स्थिरावण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. हा कालावधी कोणत्याही उपकरणाने टाळता येत नाही. बाटलीतील जिवाणू वापरल्यास त्यावरील सूचनेनुसार स्किमर काही काळ बंद ठेवावा लागतो.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीतील रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन यांनी २००९ आणि २०१० मध्ये स्किमरविषयीची मोजमापे प्रसिद्ध केली. पाण्यातील एकूण सेंद्रिय कार्बनपैकी साधारण २० ते ३० टक्के भागच स्किमर काढू शकतात, असे त्यांत आढळले. उरलेल्या भागासाठी सक्रिय कार्बन, नियमित पाणीबदल आणि बेताचे खाद्य यांना पर्याय नाही.

भारतात ही मर्यादा अधिक ध्यानात ठेवावी लागते. २००१ पासून प्रवाळांना आणि समुद्रघोड्यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षण आहे. त्यामुळे किनाऱ्यावरून प्रवाळाचे दगड उचलून आणणे हा गुन्हा ठरू शकतो. सिरॅमिक किंवा कृत्रिम दगड हा त्यावरील योग्य मार्ग होय. मात्र त्यांवर जिवाणूंची वसाहत शून्यापासून वाढवावी लागत असल्याने अधिक सबुरी हवी. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या बंदिस्त प्रजननाचे तंत्र विकसित केले आहे. असे टाकीतच जन्मलेले मासे पेटीतील जीवनाला सरावलेले असतात. पहिला मासा निवडताना त्यांनाच प्राधान्य द्यावे.

अमोनिया आणि नायट्राइट यांची चाचणी सलग काही दिवस शून्य दाखवू लागली, की पहिला मासा, अथवा क्लाउनफिशची एखादी लहान जोडी, सोडावी. त्यानंतर स्किमरच्या पात्रात जमणारा मळ हळूहळू गडद होत जातो. तो पाहून झडपेत थोडा बदल करावा आणि पुढील मासा आणण्यापूर्वी आणखी काही आठवडे जाऊ द्यावेत.