स्मरणरंजन : जुने घरगुती संगणक व टीव्ही गेम

दिवाणखान्यातल्या टीव्हीला जोडायचे जुने संगणक आणि खेळाचे डबे यांच्याविषयी, ते वापरून मोठ्या झालेल्या पिढीला वाटणारी ओढ. महाराष्ट्रात तिचे दोन थर दिसतात : १९८० च्या दशकातला शहरी, सुस्थित घरांतला संगणक आणि १९९० च्या दशकातला ‘कॅसेटवाला व्हिडिओ गेम’. कौतुक पहिल्याचे अधिक होते. खेळले गेले ते मुख्यतः दुसऱ्यावर.

पहिल्या थरात खास महाराष्ट्राचे म्हणावे असे यंत्र म्हणजे ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’. इंग्लंडमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने २३ एप्रिल १९८२ रोजी झेडएक्स स्पेक्ट्रम बाजारात आणला. अधिक चांगल्या कळफलकाची ‘प्लस’ आवृत्ती १९८४ मध्ये निघाली. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन १९८६ मध्ये ती भारतात आणली. १९९० पर्यंत ५० हजारांवर नग खपल्याचे सांगितले जाते. त्याच काळात केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून निवडक शाळांत बीबीसी मायक्रो आले होते, पण ते तासापुरते आणि सरांच्या देखरेखीखाली. स्पेक्ट्रमवर घरच्या घरी रात्री जागता येई.

झेड-८०ए प्रोसेसर, वेग ३.५ मेगाहर्ट्‌झ, स्मृती ४८ किलोबाइट, पडद्यावर २५६ × १९२ ठिपके आणि १५ रंग, एवढाच त्याचा संसार. आठ बाय आठ ठिपक्यांच्या एका चौकोनात दोनच रंग मावत. त्यामुळे माणूस झाडाजवळून गेला की झाडाचा रंग त्याच्या अंगाला लागे. अनेक घरांत टीव्हीच कृष्णधवल असल्याने हा दोष कित्येकांना कळलाही नसावा.

खेळ साठवलेला असे साध्या ध्वनिफितीवर. ‘जे’ ही कळ दाबली की पडद्यावर ‘लोड’ हा अख्खा शब्द उमटे, मग दोन अवतरणचिन्हे, मग टेपरेकॉर्डरचे ‘प्ले’. आधी लांब शिट्टी आणि कडेला तांबडे-आकाशी पट्टे, नंतर खरखर आणि निळे-पिवळे पट्टे. पूर्ण खेळ उतरायला साधारण पाच मिनिटे लागत. आवाज थोडा कमी-जास्त झाला, वा टेपचे हेड किंचित तिरके असले, तर चौथ्या मिनिटालाही ‘टेप लोडिंग एरर’ येई. मग बारीक स्क्रूड्रायव्हरने हेडचा स्क्रू फिरवत पुन्हा पहिल्यापासून. ‘मॅनिक मायनर’ (१९८३) किंवा ‘जेट सेट विली’ (१९८४) खेळलेल्यांना खेळाइतकीच ही खरखर आठवते, यात नवल नाही.

दुसरा थर जपानी. निन्टेंडोने १९८३ मध्ये जपानात काढलेल्या ‘फॅमिकॉम’च्या असंख्य नकला पुढे भारतीय बाजारात आल्या. खोक्यावर नाव काहीही असो, पोरांच्या लेखी तो नुसता ‘व्हिडिओ गेम’, हातातले बटणांचे ठोकळे ‘रिमोट’ आणि खेळाची वडी ‘कॅसेट’. राधानगरीसारख्या तालुक्याच्या गावी वाढलेल्यांची आठवण बहुधा या डब्याची असणार. संगणक त्यांना नंतर, टायपिंगच्या किंवा कोर्सच्या निमित्ताने भेटला. ज्याच्या घरी डबा, त्याच्या घरी सुट्टीत गल्लीतली सगळी पोरे. ‘सुपर मारिओ’ आणि ‘कोंट्रा’ यांची नावे आजही न अडखळता घेतली जातात. ‘९९९९ इन १’ छापलेल्या कॅसेटमध्ये खरे खेळ मोजकेच असत; तेच पुन्हा पुन्हा, फार तर वेगळ्या टप्प्यापासून. फसवणूक उघड होती, तरी मुले ती यादी शेवटपर्यंत तपासत.

कॅसेट चालली नाही की तोंडाने फुंकर मारायची, हा सार्वत्रिक उपाय. गुण बहुतेकदा फुंकरीचा नसे : काढून पुन्हा बसवताना पट्ट्या घासल्या जात आणि जोड नीट लागे. तोंडाच्या वाफेने पट्ट्या उलट गंजत. हे सांगूनही कोणी ऐकत नाही.

हौशी संग्राहक आता जुनी यंत्रे शोधतात. बाकीचे मोबाइलवर किंवा संगणकावर जुन्या यंत्राची नक्कल करणारा एम्युलेटर उतरवून घेतात. ‘द स्पेक्ट्रम’ या नावाने मूळ यंत्रासारखा दिसणारा, ४८ खेळ भरलेला नवा नगही २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये निघाला. आपल्याकडची अडचण जपणुकीची. राधानगरी-गगनबावड्याकडच्या पावसाळी दमट हवेत ध्वनिफितींना बुरशी धरते; अशी फीत तशीच वाजवली तर ती बुरशी टेपच्या हेडलाही लागते, म्हणून आधी पुसून-वाळवून तिचा आवाज एकदाच संगणकावर उतरवून ठेवणे बरे. व्हिडिओ गेमच्या डब्याला जोडायच्या, बदके टिपायच्या बंदुकीला मात्र असा उपाय नाही. घोडा दाबताच पडदा क्षणभर काळा होई, लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन चमके आणि बंदुकीतला प्रकाशसंवेदक तो टिपे; हा हिशेब पिक्चर ट्यूबच्या वेगावर बसवलेला होता. सपाट पडद्यावर चित्र किंचित उशिरा येत असल्याने नेम अचूक असूनही बदक पडत नाही, आणि जुने टीव्ही तर बहुतेक घरांतून केव्हाच भंगारात गेले आहेत.