जयपूरची पन्नास जोडपी आणि प्रेमाची मोजपट्टी

ठरवून केलेल्या विवाहात प्रेम वर्षागणिक वाढते आणि प्रेमविवाहात ते ओसरत जाते, हे विज्ञानाने सिद्ध केले आहे, असे विधान आपल्या कानांवर अनेकदा पडते. त्याचे मूळ शोधू लागले की वारंवार एकच संशोधन पुढे येते. त्याची कहाणी विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी जाणून घेण्यासारखी आहे.

प्रेम हा कवींचा विषय, तो मोजता येणार नाही, अशी समजूत दीर्घकाळ होती. १९७० मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ झिक रुबिन यांनी प्रेम आणि आवड या दोन भावनांसाठी प्रत्येकी तेरा विधानांच्या स्वतंत्र मोजपट्ट्या प्रसिद्ध केल्या. मिशिगन विद्यापीठात १५८ अविवाहित प्रेमी युगुलांवर त्यांनी त्या वापरून पाहिल्या. तेथे प्रेमाचा आरंभ तरुण-तरुणींच्या परस्पर निवडीतून होतो, हे गृहीतच होते.

भारतात बहुसंख्य विवाह कुटुंबे ठरवीत असत. मग प्रेम केव्हा जन्मते? उषा गुप्ता आणि पुष्पा सिंग यांनी रुबिन यांची मोजपट्टी घेऊन जयपूरमधील पन्नास जोडप्यांची पाहणी केली व १९८२ मध्ये निष्कर्ष मांडले. प्रेमविवाह केलेल्यांत पाच वर्षांनंतर प्रेमाचे गुण घटलेले दिसले, तर ठरवून विवाह केलेल्यांत ते अधिक आढळले. पुढे हा निष्कर्ष सामाजिक मानसशास्त्राच्या अमेरिकन पाठ्यपुस्तकांतही पोहोचला.

मात्र या अभ्यासात एकाच जोडप्याचा वर्षानुवर्षे मागोवा घेतलेला नव्हता. नवविवाहित आणि दीर्घकाळ विवाहित अशा निरनिराळ्या जोडप्यांची एकाच वेळी तुलना केली होती. पन्नास जोडप्यांची विवाहप्रकार व सहजीवनाचा काळ यांनुसार विभागणी केली, की प्रत्येक गटात मोजकीच जोडपी उरतात. जी वेगळी झाली, ती अशा पाहणीत येतच नाहीत. शिवाय जुन्या पिढीतील प्रेमविवाहाला झालेला विरोध आणि नंतरच्या पिढीची परिस्थिती सारखी नसते. त्यामुळे दिसलेला फरक काळाचा की पिढीचा, हे सांगता येत नाही.

२०१२ मध्ये पामेला रेगन व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील भारतीय वंशाच्या ५८ विवाहितांची पाहणी केली. प्रेम, समाधान आणि बांधिलकी यांत दोन्ही प्रकारच्या विवाहांत लक्षणीय फरक आढळला नाही. हा नमुनाही लहानच होता. त्यावरून अंतिम निकाल देता येणार नाही.

गुप्ता आणि सिंग यांचे श्रेय यामुळे उणावत नाही. प्रेमाचा आरंभ विवाहानंतरही होऊ शकतो का, हा प्रश्न त्यांनी भारतीय घरांतून विचारला. त्याच्या उत्तरासाठी मोठ्या नमुन्यातील त्याच जोडप्यांकडे वर्षानुवर्षे परत जावे लागेल. तोवर एखाद्या मुलीला किंवा मुलाला होकारासाठी भाग पाडताना या पन्नास जोडप्यांचा दाखला देणे, हा त्या संशोधनाचाही विपर्यास ठरेल.