नारंगवाल ते जामखेड : डॉ. कार्ल टेलर यांच्या सल्लागारीचा एक विचार

गरीब देशांना आरोग्यविषयक सल्ला देणाऱ्या तज्ज्ञांचा इतिहास बहुधा परिषदा व ठराव यांच्या आधारे लिहिला जातो. डॉ. कार्ल टेलर (१९१६–२०१०) यांच्याबाबत ही पद्धत अपुरी पडते. मसुरी येथे मिशनरी कुटुंबात जन्मलेल्या टेलर यांनी १९६१ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात आंतरराष्ट्रीय आरोग्य विभाग उभारला. परंतु त्यांच्या सल्ल्याचे खरे बळ पंजाबातील नारंगवाल प्रकल्पात होते. तेथे अल्पप्रशिक्षित स्त्री-कार्यकर्त्या बालकांच्या न्यूमोनियावर व अतिसारावर गावातच उपचार करीत (वैद्यकीय पेशाला हे रुचणे कठीणच!) आणि बालमृत्यू घटत असल्याचे नोंदींतून दिसले. १९७८ च्या आल्मा-आटा परिषदेत टेलर सल्लागार होते, ते याच अनुभवाच्या जोरावर.

तथापि नारंगवालचा प्रकल्प १९७४ मध्ये बंद पडला. तो मूलतः संशोधनासाठी होता. गावाने चालविलेला नव्हता. याउलट त्यांचेच विद्यार्थी डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे आरंभलेले काम टिकले. तेथील कार्यकर्त्या गावानेच निवडलेल्या, पुष्कळशा निरक्षर. टेलर यांच्या कार्याचे मूल्यमापन नारंगवालपुरते मर्यादित ठेवणे म्हणूनच प्रस्तुत लेखकास अन्यायाचे वाटते. नव्वदीकडे झुकलेले टेलर २००४ मध्ये अफगाणिस्तानात गेले, तेव्हा तेथेही त्यांनी गावातील स्त्रियांनाच हाताशी धरले.