ओतारी : एका व्यवसायवाचक शब्दाचा इतिहास

प्रस्तावना : धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारागिरास मराठीत 'ओतारी' म्हणतात. या शब्दाच्या घडणीतून व अर्थांतरातून कारागिरीच्या इतिहासावर पडणाऱ्या प्रकाशाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शब्दाची घडण : 'सोनार', 'लोहार', 'कासार' व 'तांबट' ही नावे सोने, लोह, कांसे व तांबे या धातूंवरून पडली. 'ओतारी' मात्र 'ओतणे' या क्रियापदावरून सिद्ध झाला. 'पिंजणे'वरून 'पिंजारी' झाला तसा. म्हणजेच या कारागिराची ओळख धातूने नव्हे, तर प्रक्रियेने ठरली. लोहार व तांबट ठोकून वस्तू घडवितात. ओतारी मूस, साचा व भट्टी यांच्या साहाय्याने ती ओततो. इंग्रजीत ओतारी व संस्थापक या दोन्ही अर्थी 'फाउंडर' हाच शब्द रूढ आहे. त्यांची लॅटिन मुळे मात्र भिन्न आहेत. मराठीत हे अर्थ प्रथमपासून वेगळे राहिले.

प्रक्रियेची परंपरा : कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा (राज्यकाल ११२६-११३८) याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात मूर्ती ओतण्याची कृती वर्णिली आहे. मेणाच्या मूर्तीवर मातीचे लेप द्यावयाचे, उष्णतेने मेण काढून टाकावयाचे व त्या पोकळीत धातुरस ओतावयाचा. मराठवाड्याचा प्रदेश तेव्हा चालुक्यांच्या प्रभावाखाली होता.

अर्थसंकोच : मोल्सवर्थच्या कोशात (१८३१, सुधारित आवृत्ती १८५७) 'ओतारी' हा व्यवसायवाचक शब्द आहे. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली व बिडाच्या ओतकामास कारखान्याचे रूप आले. पुढे 'फौंड्री' शब्द रुळला आणि 'ओतारी' हा मुख्यत्वे आडनाव व जातिनाम म्हणून उरला. शासनाच्या भटक्या जमातींच्या यादीत तो आढळतो; तेथे समाजाची नोंद होते, कौशल्याची नाही.

परभणीच्या संदर्भात हा प्रश्न अधिक गंभीर आहे. १९४८ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद संस्थानात होता आणि दप्तराची भाषा उर्दू होती. त्यामुळे कारागिरांची मराठी परिभाषा कागदापेक्षा बोलण्यातच अधिक टिकली.

निष्कर्ष : 'ओतारी' हा शब्द जातीपूर्वी कृती सांगतो. जिल्ह्याच्या नऊही तालुक्यांतील वृद्ध कारागिरांकडून मूस, साचा व ओतकामाची परिभाषा नोंदविणे हे इतिहास व मराठी विभागांचे संयुक्त कार्य ठरावे. जाणते हात थांबल्यावर शब्द कोशात राहील, परंतु त्याचा अर्थ सांगणारा कोणी उरणार नाही.